हे कोणी पाहिलं?

एखाद्या शब्दाखाली बाई पेन्सिलने बारीक गोल करायच्या आणि चष्म्याच्या वरून बघत विचारायच्या, "हे कोणी पाहिलं?"

आवाज चढलेला नसायचा. पण असं कोणी विचारलं की शाळेत वही विसरल्यावर व्हायचं तसं व्हायचं. मी लिहिलेलं असायचं, 'रुग्णांच्या चेहऱ्यावर समाधान'. आणि मी काही तो चेहरा पाहिलेला नसायचा.

आमचं ऑफिस वागळे इस्टेटमध्ये, एका जुन्या गाळ्याच्या तिसऱ्या मजल्यावर. खाली लेथचं वर्कशॉप. ते सुरू झालं की टेबलावरचा चहा थरथरायचा. आम्ही दुकानं, दवाखाने, क्लासेस, बिल्डर यांच्यासाठी सोशल मीडियावरच्या पोस्ट लिहायचो. पाच-सहा ओळींच्या, मराठी, रोज. लिहायचो म्हणजे काय, इकडचं उचलून तिकडे टाकायचो. सोमवारी दातांच्या डॉक्टरला लावलेलं वाक्य गुरुवारी साडीच्या दुकानाला लागायचं, फक्त 'हास्य' काढून 'सौंदर्य' घालायचं.

तिथे या बाई आल्या. वय अठ्ठावन्न. तीस वर्षं ठाण्यातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासली, तो बंद पडला म्हणून इथे. शुद्धलेखन बघायला घेतलं होतं त्यांना. आम्ही सगळे त्यांना मॅम म्हणायला लागलो. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "दिवसभर मॅम मॅम ऐकून मला गोठ्यात बसल्यासारखं वाटतं. बाई म्हणा."

तुमच्याही ऑफिसात असं एक माणूस असेल. कामात चोख, स्वभावाने काटेरी, वाढदिवसाच्या केकला न येणारं. आपण त्याच्यावर हसतो, आणि ते समोर आलं की सरळ बसतो.

पहिल्याच महिन्यात त्यांनी भिंतीवर एक कागद चिकटवला. 'हे शब्द बंद आहेत' असं वर, आणि खाली दर्जेदार, स्वप्नवत, अविस्मरणीय, आपुलकीची सेवा, असे चाळीसेक. सरांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, तो काढायला लावला. क्लायंट येतात, बरं दिसत नाही. बाईंनी तो काढला आणि लेडीज टॉयलेटच्या दाराला आतून लावला. तिथे सर येऊ शकत नव्हते. आम्हा मुलींचं मराठी त्या दाराने सुधारलं.

पण रोज नवं लिहायचं कुठून? हा प्रश्न मीच त्यांना चिडून विचारला होता. अकरा क्लायंट, रोज प्रत्येकाचं एक, कोणाचं डोकं एवढं चालेल?

"डोकं चालवायला कोणी सांगितलं? पाय चालव," त्या म्हणाल्या. आणि मला त्या दातांच्या डॉक्टरकडे नुसतं बसायला पाठवलं. मी तणतणत गेले. दीड तास बसले. एक गृहस्थ दारापर्यंत आले, चपला काढल्या, परत घातल्या आणि निघून गेले. थोड्या वेळाने पुन्हा तेच. तिसऱ्यांदा डॉक्टर स्वतः बाहेर आले, काही न बोलता त्यांना खाली चहाला घेऊन गेले. चहा झाल्यावर दात निघाला.

परत येऊन मी हे सांगितलं. बाईंनी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून केलेल्या कार्डांपैकी एक माझ्यापुढे सरकवलं. "जसं सांगितलंस तसं लिही. खाली तारीख. आणि पाहिलं कोणी, त्याच्या नावाचं पहिलं अक्षर."

ती पोस्ट डॉक्टरांना दाखवली, त्या गृहस्थांना विचारलं, दोघं हसून हो म्हणाले. नावाशिवाय गेली. लोकांनी ती आपापल्या घाबरट मामांना, सासऱ्यांना पाठवली. डॉक्टरांकडे फोन यायला लागले, "चहा मिळतो तो दवाखाना हाच का?"

त्यानंतर बाईंनी सगळ्या ऑफिसला वळण लावलं. सकाळी दोघं बाहेर जायचे, बघायचे. दुपारी कार्डं लिहायची, रोज पाच, कमी नाही. आज लिहिलेली पोस्ट आज जायची नाही, एक रात्र टेबलावर झोपायची. सकाळी ती मोठ्याने वाचायची. जिथे दम लागेल तिथे कापायची. कार्डं सगळी मारी बिस्किटांच्या एका मोठ्या चौकोनी डब्यात, क्लायंटप्रमाणे लावलेली. कोणी आजारी पडलं, कोणाचं घरी बिनसलं, तरी डब्यात हात घातला की काहीतरी खरं हाताला लागायचं. दोन वर्षं एक दिवस खाडा झाला नाही. सांगते ते अगदी साधं वाटेल तुम्हाला. ते उभं करायला त्या किती भांडल्या, ते मी पाहिलंय. एकदा तर साडीच्या दुकानाची पोस्ट त्यांनी मला सात वेळा परत दिली. सातव्यांदा मी रडले. त्यांनी जेवणाच्या डब्यातली कैरीची फोड माझ्या पोळीवर ठेवली आणि म्हणाल्या, "खा. मग आठव्यांदा लिही."

मग तो बिल्डर आला.

आंबिवलीला त्याचं काम चालू होतं. तीस पोस्ट हव्या होत्या. मजकुरात एक ओळ ठरलेली: 'स्टेशनपासून फक्त पाच मिनिटांवर'. बाईंनी त्याखाली गोल केला आणि मला म्हणाल्या, "चप्पल नीट घाल. जाऊन येऊ."

स्टेशनच्या बाहेर त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि चालायला लागल्या. त्यांचा डावा गुडघा दुखायचा, तरी माझ्यापुढे. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. वाटेत भाजी घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्या आगरी बाईला विचारलं, की इमारत पाच मिनिटांवर आहे म्हणतात, ती कुठली? ती खो खो हसली. "पाच मिनटान? इमान हाय का तुजेकरं?" इमान म्हणजे विमान.

चौतीस मिनिटं लागली. साइटवर टँकर उभा होता. नळाचं पाणी कधी येणार, ते तिथल्या माणसाला सांगता येईना. पण मागे टेकडी छान दिसत होती, वारा होता, समोरचा रस्ता मोकळा होता. बाईंनी उभ्या उभ्या कार्ड लिहिलं. टेकडीही लिहिली, वाराही लिहिला. आणि चौतीस मिनिटं, आणि टँकर. खाली दोघींची अक्षरं.

त्यावरून केलेली पोस्ट सरांच्या टेबलावर गेली तेव्हा मी तिथेच होते.

"बाई, ही जाहिरात आहे की पंचनामा?"

"पंचनामा सगळं झाल्यावर करतात," बाई म्हणाल्या. "मी आधी केलाय. लोक निदान बघून घेतील."

सरांनी तो कागद खणात टाकला. त्याचा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता.

पंधरा दिवसांनी मोठ्या खोलीत मीटिंग लागली. तो बिल्डर, आणखी तीन क्लायंट, आम्ही सगळे. सरांनी पडद्यावर पहिली स्लाइड लावली. तिच्यावर बाईंच्या हस्ताक्षरातलं कार्ड होतं. सर म्हणाले, ही पद्धत त्यांनी दोन वर्षं खपून तयार केली आहे. 'मी' म्हणाले. 'आम्ही'सुद्धा नाही. पुढच्या स्लाइडवर सांगितलं, की डब्यातली सगळी कार्डं फोटो काढून एका सॉफ्टवेअरला दिली आहेत आणि ते आता तशीच कार्डं स्वतः बनवतं. दिवसाला दोनशे. "आता कुठे जायला नको, बसायला नको," सर म्हणाले. नमुनाही दाखवला. 'काल एक आजोबा साइटवर आले. बाल्कनीत उभे राहिले. काही बोलले नाहीत, फक्त नातवाचा हात घट्ट धरला.'

वाचायला चांगलं होतं, हेच मला अजून सहन होत नाही. ते कार्ड आमच्यासारखंच होतं. फक्त आजोबा नव्हते, नातू नव्हता, आणि बाल्कनी अजून बांधायची होती.

बाई उठून उभ्या राहिल्या. "हे आजोबा कोणी पाहिले?"

बिल्डर हसला. त्याच्या मागोमाग आणखी दोघं हसले.

"बाई, प्लीज बसा," सर म्हणाले.

बाई बसल्या नाहीत. त्या माझ्याकडे वळल्या. "तू होतीस. यांना सांग, आंबिवलीला स्टेशनपासून किती वेळ लागला?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "मला नीट आठवत नाही."

हे वाक्य मी माझ्या तोंडाने बोलले. दुसऱ्या कोणी बोललं असतं तर मी त्याला आयुष्यभर शिव्या दिल्या असत्या. नोकरी जाईल, सर बघतायत, वगैरे कारणं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगून पाहिली आहेत. एकही कारण चौतीस मिनिटं टिकत नाही.

बाई माझ्यावर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या त्यांच्या टेबलाशी गेल्या, पर्स घेतली, जेवणाचा डबा घेतला आणि तो बिस्किटांचा डबा उचलला.

सर मागून आले. "ते ऑफिसचं आहे."

बाईंनी झाकण काढलं आणि डबा टेबलावर पालथा केला. दोन वर्षांची कार्डं टेबलभर, खुर्चीवर, जमिनीवर. "कार्डं तुमची. डबा माझा आहे, बिस्किटं मी आणली होती," त्या म्हणाल्या आणि रिकामा डबा काखेत मारून जिना उतरल्या. ती कार्डं मी गोळा केली. जमिनीवर बसून, एकेक. कोणी मदतीला आलं नाही, आणि तेच बरोबर होतं.

त्या बिल्डरच्या तीसच्या तीस पोस्ट गेल्या. आजोबा गेले, मंगळसूत्र हातात धरून किल्ली घेणारी सून गेली, रिटायर झालेले मास्तर गेले. सगळ्यात 'पाच मिनिटं'. माझं काम खाली येणाऱ्या कॉमेंट्सना उत्तरं द्यायचं. उत्तरही ठरलेलं: 'हो नक्की! साइट व्हिजिटसाठी संपर्क करा', पुढे जोडलेले हात.

एका दुपारी एका बाईची कॉमेंट आली. तिच्या आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला कल्याणला न्यावं लागायचं. 'स्टेशनपासून खरंच पाच मिनिटं आहे ना? तेवढं आई चालू शकते,' असं तिने विचारलं होतं.

मी 'हो नक्की' टाइप केलं. मग ते पुसलं. खाली लेथ चालू होतं. मी खरा वेळ लिहिला. मी स्वतः चालून आले आहे असं लिहिलं. टँकरचं लिहिलं. पाठवलं. एवढा राग मला आधी कधी आला नव्हता, आणि त्यातला निम्मा माझ्यावरच होता.

'थँक्यू ताई', तिचं उत्तर आलं. थोड्याच वेळात कोणीतरी ते सगळं काढून टाकलं आणि सरांनी मला आत बोलावलं. काय बोलले ते सांगण्यात अर्थ नाही. संध्याकाळी मी माझा मग आणि छत्री घेऊन घरी गेले. त्या बाईने घर घेतलं की नाही, मला माहीत नाही.

बाईंना फोन करायचं मनात होतं. मी डोंबिवलीला, त्या कल्याणला, असं किती लांब आहे? पण कुठल्या तोंडाने जायचं, म्हणून राहिलं. आज, उद्या, गणपतीनंतर, असं करत करत राहिलं.

आणि मग त्या गेल्याच. ते मला जुन्या ऑफिसच्या पानावर कळलं. त्यांनी बाईंचा फोटो टाकला होता, फुलांच्या चौकटीत. मजकूर असा: 'आमच्या कुटुंबाचा आधारवड हरपला. रोज सकाळी हसतमुखाने ऑफिसात येणाऱ्या, प्रत्येकाच्या वाढदिवसाला स्वतःच्या हाताने बेसनाचे लाडू करून आणणाऱ्या...'

कोण ही? ही बाई कोण? दोन वर्षांत मी त्यांना सकाळी हसताना पाहिलं नाही. लाडू त्यांनी कधी आणले नाहीत. ज्या माणसाने जन्मभर खोट्या शब्दाखाली गोल केला, त्याच्या मरणावर कोणी न पाहिलेले लाडू ठेवले या लोकांनी! आणि खाली दोनशे जणांनी हात जोडले होते.

दुसऱ्या दिवशी मी कल्याणला गेले. दार त्यांच्या धाकट्या बहिणीने उघडलं. दोघी एकत्र राहायच्या. आठ दिवस ताप, मग न्यूमोनिया, असं त्यांनी सांगितलं. मी मोबाइलवरचा तो मजकूर दाखवला. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला.

"लाडू?" त्या म्हणाल्या. "तिला बेसन भाजता यायचं नाही, गं. करपवायची." मग त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांना पदर डोळ्यांना लावावा लागला.

मी माझं नाव सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली. "तू होय. त्या बिल्डरचं पान ती रोज सकाळी उघडून शिव्या घालत बसायची. एका दुपारी स्वयंपाकघरात आली आणि फोन माझ्या नाकापुढे धरला. म्हणाली, बघ, कळलं पोरीला. किती मिनिटं ते लिहिलंन."



"मग लगेच चिडली," बहीण म्हणाली. "चौतीसला तू पहिली वेलांटी दिली होतीस म्हणे. एवढी वर्षं शिकवून अजून ऱ्हस्व लिहिते, म्हणून अर्धा तास बडबडत होती. उद्या फोन करते तिला, दुरुस्त करून घेते, म्हणाली. तोवर त्यांनी ते काढूनच टाकलं होतं."