गार्डच्या डब्याची तिसरी पायरी

वर्ध्याजवळ बोरगाव मेघेत आमच्या गल्लीच्या टोकाला पत्र्याची एक लांब शेड होती. तिथे रेल्वे तयार व्हायची, तळहातावर मावेल एवढी. पितळी पत्र्याची इंजिनं, डबे, सिग्नल. ती बनवणारे गृहस्थ रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झालेले. सगळे त्यांना काकाजी म्हणायचे, मीही. आपल्याकडे या छंदाचे लोक थोडे आणि त्यांच्यासाठी मॉडेलं बनवणारे कारखाने त्याहून थोडे. पण एका कारखान्याचा डबा दुसऱ्याच्या इंजिनाला बिनबोभाट जोडता येतो, तो काकाजींनी ठरवलेल्या कपलिंगच्या मापामुळे.

आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स करून मी त्यांच्याकडे लागले. खऱ्या डब्यांची मापं घ्यायची आणि ड्रॉइंग काढायचं, हे माझं काम. पहिले काही महिने त्यांनी माझ्या एकाही मापावर विश्वास ठेवला नाही.

"हे माप कोनं घेतलं?"

"मीच घेतलं, काकाजी."

"परत घेजो."

मी मुकाट्याने परत आर्वीची एसटी धरायची. तिथे बंद पडलेल्या छोट्या लाइनचा एक गार्डचा डबा बाभळींमध्ये गंजत उभा होता. टेप लावायची, तेच माप यायचं. हळूहळू त्यांचा विश्वास बसला. माझा मात्र त्यांच्यावरचा उडाला.

त्याचं असं झालं. संध्याकाळी मी आवरायला लागले की ते माझी ड्रॉइंग अंगणात नेऊन मोबाइलवर फोटो काढायचे. मी बघते आहे असं वाटलं की फोन खिशात जायचा. पुण्याकडचे, बंगळुरूकडचे पाहुणे आले की मधलं दार ओढून घेतलं जायचं. मी कपाटातले कागद मोजायला लागले. एका शनिवारी एक कमी भरला, सोमवारी तो जागेवर होता. माझी मेहनत हा माणूस परस्पर विकतोय, अशी माझी खात्री पटली. विचारायची हिंमत नव्हती, म्हणून मी सापळा लावला.

गार्डच्या त्या डब्याला चढायला दोन पायऱ्या होत्या. ड्रॉइंगमध्ये मी तीन काढल्या. आमच्या शेडमध्ये पत्रा कापायला गेला तेव्हा हळूच दुरुस्ती करून घेतली, मूळ कागद तसाच ठेवला.

सात-आठ महिन्यांनी नागपूरला मॉडेलवाल्यांचं प्रदर्शन भरलं. एका दुसऱ्या कारखान्याच्या टेबलावर तो डबा होता. मी वाकून बघितलं. पायऱ्या तीन. मला आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये शिरल्या शिरल्या मी विचारलं, "काकाजी, माझं ड्रॉइंग त्यांच्याकडे कसं गेलं?"

ते पितळी पत्र्याच्या सांध्याला कथलाचा डाग देत होते. हातातलं काम संपवून त्यांनी डाग द्यायची तापलेली इस्त्री बाजूला ठेवली. "म्याच देल्लं. सगळ्याइलेच देतो. फुकट."

"काऊन?"

"आपल्या एकट्याच्या डब्यानं गाडी होते काय? चार जनं बनवतीन तवा लोक घेतीन."

"मग मले काऊन नाई सांगतलं?"

त्यांनी डाग दिलेला सांधा उजेडात धरून बघितला. मग म्हणाले, "पन तुले कसं समजलं का ते तुयंच हाय?"

मला पायरीचं सांगावं लागलं. त्यांचा चेहरा पडला. मी त्यांना चोर समजत होते याचं त्यांना काही वाटलं नसावं. तो डबा चुकीचा निघाला, याचंच वाटलं. ड्रॉइंग ज्यांना पाठवलं होतं त्यांची यादी त्यांनी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "सगळ्याइले लिहून सांग. तुयाच नावानं."

मी नऊ पत्रं लिहिली. उत्तरं आली. दोघांनी 'ताई, तुमची ड्रॉइंग आम्ही नेहमी वापरतो' असं लिहिलं. एकाने विचारलं, आपण कोण? आम्ही तर ही ड्रॉइंग काकाजींचीच समजत होतो. ते पत्र मी त्यांना दाखवलं नाही. का दाखवलं नाही, ते आजही नीट सांगता येत नाही. नोकरी सोडायचं मनात आलं होतं, पण त्यानंतरही मी सहा वर्षं तिथेच काढली. इतकं बारीक काम शिकवणारा दुसरा माणूस मला कुठे मिळणार होता?

गेल्या वर्षी काकाजी गेले. वर्ध्याला शोकसभा झाली, लांबून लांबून कारखानदार आले. पुण्याचे एक जण म्हणाले, काकाजींनी आपल्या हाताने काढलेली ड्रॉइंग आम्हाला दिली नसती तर आम्ही उभेच राहिलो नसतो. मी तिसऱ्या रांगेत होते. माझ्याकडे कोणी बघितलं नाही.

नंतर काकाजींच्या बायकोने, काकूंनी, मला घरी बोलावून माझ्या ड्रॉइंगची गुंडाळी दिली. "तुयं हाय, घेऊन जा." तिथेच जमिनीवर मी ती उलगडली. प्रत्येक कागदाचा उजवा खालचा कोपरा, जिथे मी नाव लिहायची, आत दुमडलेला होता. एकही कोपरा सुटला नव्हता.

"काकू, हे कोनं दुमडलं?"

"मले काय मालूम बाई. गुंडाळून गुंडाळून झालं असंन. ते तं नेहमी तुयंच नाव काढत."

गुंडाळीने एखाद-दुसरा कोपरा दुमडतो. सगळे, एकाच मापात, फोटोत नाव येऊ नये एवढेच? आणि काकू खोटं कशाला बोलतील? मी चहा घेतला, गुंडाळी काखेत मारली आणि घरी आले. कोपरे सरळ करून वर जाड पुस्तकं ठेवली. घड्या अजून गेलेल्या नाहीत.