काकूंनी ओटी भरली

मी पुण्यात स्पॅनिश शिकले ते निव्वळ हट्टाने. घरच्यांनी जर्मन घे, जर्मन घे म्हणून लकडा लावला होता, म्हणून मी जर्मन घेतलं नाही. पुढे लग्न होऊन नवऱ्याच्या व्हिसावर दोहाला आले आणि कित्येक वर्षं त्या भाषेची कुणाला गरज पडली नाही. मग वर्ल्ड कपचं वारं सुटलं. सगळं शहर खणून ठेवलेलं. कालचा चौक आज जागेवर नसायचा, अल हिलालमधल्या आमच्या घरापासून वाण्याच्या दुकानापर्यंत जायलाही डायव्हर्जन. त्या धांदलीत हॉटेलवाल्यांना साक्षात्कार झाला की मेक्सिकोची, अर्जेंटिनाची माणसं येतील तेव्हा रिसेप्शनवरच्या पोरांना ‘या, बसा’ तरी म्हणता यायला हवं. कुणीतरी माझं नाव सुचवलं आणि मी अचानक मास्तरीण झाले.

त्याच वर्षीच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवात मला ती भेटली.

हळदीकुंकू अल अझीझियाला, आमच्या मंडळातल्या सर्वांत वडील काकूंच्या व्हिलात होतं. काकू म्हणजे मायेचं माणूस. कुणाचं बाळंतपण असो, कुणाला ताप येवो, काकूंचा डबा पोचलाच म्हणून समजा. त्या दिवशी त्यांनी शेजारच्या इमारतीतली एक नवी सून आणून मध्यभागी बसवली होती. नऊवारी, नथ, केसांत गजरा. बायकांची नुसती चेष्टामस्करी चाललेली. “अगंबाई, पेरूची सून! मीठमसाला लावून आणलीय का गं?” ती बिचारी सगळ्यांकडे बघून हसत होती. नवरा आपल्याकडचा, पुण्याचा इंजिनिअर. तिकडे पेरूमध्ये गॅसच्या कुठल्याशा प्रकल्पावर होता, तिथे लग्न केलं, मुलगी झाली, आणि मग दोहाबाहेर, दुखानच्या तेलक्षेत्रावर नोकरी मिळाली तसं तिघं इकडे आले.

मी तिच्या शेजारी बसले आणि स्पॅनिशमध्ये विचारलं, कशी आहेस? तिच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त डोळे बदलले. ती म्हणाली, “तुला गाडी चालवता येते?”

त्या नवऱ्याबद्दल सांगते. मंडळाच्या गणपतीत निवेदन तोच करायचा. विनोद करणार, म्हाताऱ्यांच्या पाया पडणार, पंगतीत वाढायला सगळ्यांत पुढे. “इतका गुणी मुलगा,” हे मी काकूंच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता तो शब्द कुणी उच्चारला तरी माझ्या डोक्यात तिडीक जाते. हा गुणी मुलगा आठवडाभर दुखानला कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहायचा आणि गुरुवारी संध्याकाळी घरी यायचा. शुक्रवारी बायकोला मारायचा. अंगावर कुठे मारायचं याचा त्याने साडीच्या बेताने विचार केलेला होता. नऊवारी नेसून ती समारंभात बसली तरी काही दिसत नसे. एरवी घरात कॅमेरे होतेच, शिवाय दिवसातून केव्हाही व्हिडिओ कॉल. फोन घेऊन प्रत्येक खोलीत जा, पलंगाखाली दाखव, बाथरूमचं दार उघड. तिचा पासपोर्ट त्याच्या कपाटात. आणि एकच वाक्य, पुन्हा पुन्हा: तुला जायचं तर जा, मुलगी माझी आहे.

मुलगी साडेतीन वर्षांची. आईशी स्पॅनिशमध्ये अखंड टकळी चालायची तिची.

हॉटेलच्या वर्गासाठी संभाषणाचा सराव हवा, असं सांगून मी तिच्या घरी जाऊ लागले. त्याने आनंदाने परवानगी दिली. “ताईंना मदत होत असेल तर चांगलंच आहे.” ताई! कॅमेऱ्यासमोर बसून आम्ही ‘चेक-इन किती वाजता’ आणि ‘नाश्ता कुठे मिळेल’ म्हणत असू, आणि त्याच सुरात ती मला सगळं सांगायची. त्याला दोन-चार वर्षं तिकडे काढूनही स्पॅनिश फारसं येत नव्हतं, बायकोशी तो इंग्रजीतच बोलायचा, हे एक त्यातल्या त्यात बरं.

तिच्या वकिलातीतल्या बाईंना मी जाऊन भेटले. बाई कामाच्या निघाल्या. त्यांनी पासपोर्टऐवजी तिचा प्रवासाचा नवा कागद केला. मुलगी पेरूत जन्मलेली, त्यामुळे तिचाही तिकडचा पासपोर्ट झाला. मंगळवारी दुपारचं विमान ठरलं, कारण मंगळवारी तो हमखास दुखानला. माझ्या नवऱ्याने हात जोडले. “अगं, त्याच सर्कलमध्ये मला नोकरी करायचीय. आपण कशाला यात?” मी म्हटलं, तुम्ही नका येऊ, गाडीची किल्ली ठेवा.

अडचण होती ती सामानाची. तिच्या इमारतीचा वॉचमन नवऱ्याच्या ओळखीचा. बॅग घेऊन ती खाली उतरली असती तर दुखानला फोन गेलाच असता. तेव्हा तिनेच काकूंचं नाव काढलं. काकूंचे डबे तिच्याकडे रोज येत-जात असत. रिकामा डबा परत करताना पिशवीत दोन फ्रॉक, कधी स्वेटर, असं करत मुलीचं सगळं सामान काकूंकडे गेलं असतं आणि कुणाला संशय आला नसता. “त्या मला लेक म्हणतात,” ती म्हणाली.

काकूंशी बोलायचं काम माझं. त्यांच्या डायनिंग टेबलाशी बसून मी एकूण एक गोष्ट सांगितली. पाठीवरचे वळ सांगितले, पट्टा सांगितला, मुलीसमोर चालतं ते सांगितलं. काकू पदराने डोळे पुसत होत्या. “काय गं ही माणसं! वाटतं का कधी तोंडाकडे बघून?” मी म्हटलं, काकू, कुणाला कळता कामा नये. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. “देवाशपथ. ह्यांनासुद्धा सांगणार नाही.” आणि काकांना त्यांनी खरोखरच सांगितलं नाही.

मंगळवारी मी त्या दोघींना काकूंकडून घ्यायला गेले तर दारात रांगोळी. आत पाट मांडलेला, समोर समई. काकूंनी तिला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, तांदूळ, नारळ, खण असं घालून रीतसर ओटी भरली. मुलीच्या तळव्यावर दहीसाखर. मी घड्याळाकडे बघत दारात उभी. “काकू, यल्ला, उशीर होतोय!” “अगं, लेक माहेरी निघालीय, रिकाम्या ओटीने पाठवू का?” पेरूची ती पोरगी काकूंच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. काकूही रडल्या. खोटं कशाला बोलू, माझेही डोळे भरले.

विमानतळाच्या रस्त्यावर नवं वळण काढलेलं, क्रेनच्या मागे लांबच्या लांब गाड्या उभ्या. मागच्या सीटवर मुलगी गाणं म्हणत होती. आम्ही पोचलो, ट्रॉली घेतली, काउंटरच्या रांगेत उभ्या राहिलो.

तो तिथे आधीच आलेला होता. ऑफिसच्या कपड्यांत, गळ्यात कंपनीचं कार्ड. आरडाओरडा नाही, काही नाही. मुलीपुढे गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, “बाबाला टाटा न करता चाललीस?” मुलगी आनंदाने जाऊन त्याच्या गळ्यात पडली. त्याला पुढे काही करावंच लागलं नाही. तिला कडेवर घेऊन तो पोलिसाशी बोलला, पोलीस आमच्याशी बोलला, अगदी सभ्यपणे. बाई जाऊ शकतात. मुलगी वडिलांच्या व्हिसावर आहे, वडील नाही म्हणतात, मुलगी जाणार नाही. खलास.

हातात तिकीट घेऊन ती उभी राहिली. रांगेतले लोक आम्हाला वळसा घालून पुढे सरकत होते. मग तिने ट्रॉली वळवली आणि त्याच्या मागून चालू लागली. जाताना तो मला म्हणाला, “ताई, दमला असाल. चहा घेऊन जा.”

त्याला कळलं कसं, हे मला संध्याकाळी समजलं. काकूंनी स्वतःच सांगितलं, कसलीही लपवाछपवी न करता. सकाळी त्यांनी पुण्याला फोन केला होता, तिच्या सासूला. “अगं, सून माहेरी निघते आणि सासूला पत्ता नाही, असं कुठे असतं का? मी फक्त म्हटलं, वहिनी, काळजी करू नका, सुनेची ओटी भरून पाठवतेय. एवढंच हो!” मी ओरडले, “अहो, तुम्ही शपथ घेतली होतीत!” तर म्हणतात, “ती बाहेरच्यांसाठी गं. सासू काय बाहेरची आहे?”

एखाद्या दुष्ट बाईशी भांडता येतं. हिच्याशी काय भांडणार, कपाळ? काकूंनी चहा ओतला आणि त्या म्हणाल्या, “पण बघ, देवाने वेळेवर वाचवलं. तोही रडत होता फोनवर. होईल आता सगळं नीट.” मी म्हटलं, “काकू, तो पट्ट्याने मारतो. मी तुम्हाला मराठीत सांगितलं होतं.” चहाला न शिवता मी उठून आले. त्यानंतर त्यांच्या घराची पायरी मी चढलेली नाही, आणि मंडळात ‘ताई फार फटकळ झाल्यात’ असं बोललं जातं ते खरं आहे.

सासू महिन्याभरातच आली. व्हिजिट व्हिसावर आली, चार ठिकाणी जेवणं झाली, काकूंना साडी दिली, आणि जाताना नातीला पुण्याला घेऊन गेली. आजीजवळ संस्कार होतील, शाळा चांगली आहे, इकडे तशीही मुलांना धड मराठी येत नाही. सगळ्यांना पटलं.

मुलगी गेल्यावर त्याने घरातले कॅमेरे काढून टाकले. तिचा जुना पासपोर्ट टेबलाच्या खणात आणून ठेवला. आता तिला कुणीच अडवत नव्हतं. ती कुठेही जाऊ शकत होती, फक्त भारताचा व्हिसा मिळवायला आणि पुण्यातल्या त्या दारात उभं राहायला तिला तोच नवरा लागत होता. वकिलातीतल्या बाईंनी पुन्हा विचारलं, तिकीट काढू का? ती नाही म्हणाली. लिमाला माहेरी गेले तर दर शुक्रवारचा फोनही बंद करतील, म्हणाली. शुक्रवारी सासू व्हिडिओ कॉल लावून द्यायची, स्वतःच्या मनात असेल तेवढा वेळ.

पुढच्या हिवाळ्यात एके दिवशी ती आपणहून माझ्याकडे आली. टीव्हीवर नव्या स्टेडियमचं उद्घाटन दाखवत होते, रोषणाई, नाचगाणी. मी तो बंद केला. ती म्हणाली, “मला मराठी शिकव. माझी मुलगी काय बोलते ते मला कळत नाही.”

मुलगी स्पॅनिश विसरली होती. साडेतीन वर्षांचं असताना नेलेलं पोर, दुसरं काय होणार!

मी विचारलं, पहिलं वाक्य कोणतं हवंय? ते तिचं ठरलेलंच होतं. ‘मी तुला सोडलं नाही.’ मी सांगितलं. तिने ते दोनदा म्हटलं आणि मग मान हलवली. “नको. म्हातारी शेजारी बसलेली असते. हे ऐकलं की फोन बंद करेल. ती बंद करणार नाही असं काहीतरी सांग.”

मी तिला शिकवलं, ‘जेवलीस का?’

तिला ‘व’ यायचा नाही, ‘ज’ तर मुळीच नाही. पण एवढे दोन शब्द तिने घोटून घोटून अगदी आपल्यासारखे केले. शुक्रवारी नवरा झोपला होता, तिने मला बोलावून घेतलं आणि स्वयंपाकघरात माझ्याशेजारी बसून फोन घेतला. पलीकडे दोन शेंड्या बांधलेली मुलगी, मागे आजीचा खांदा. ती पडद्याच्या अगदी जवळ गेली आणि म्हणाली, “जेवलीस का?”

मुलीने डोळे मोठे केले. मग मागे वळून आनंदाने ओरडली, “आजी, ही बाई मराठी बोलते!”

ती माझ्याकडे वळली. तिचा चेहरा नुसता फुललेला. “काय म्हणाली? काय म्हणाली ती?”

मी म्हटलं, “म्हणाली, हो आई, जेवले.”