दारातून माघारी गेलेली बाई

आधीच सांगते, असले अनुभव सांगणाऱ्यांना मी गोळ्या लिहून देते! मी मानसोपचारतज्ज्ञ. सुरतेतल्या एका हॉस्पिटलात कॅन्सरच्या पेशंटना आणि त्यांच्या घरच्यांना धीर देणं हे माझं काम. तरीही लिहितेय, कारण पोटात ठेवून ठेवून आता सहन होत नाही...

रंजनाताई सुरतेतल्याच गोडादऱ्याच्या. नवरा पॉवरलूमवर, मूळचे शिरपूरकडचे. आपल्याकडे रीतच आहे — पेशंटला आजाराचं नाव सांगायचं नाही. नवऱ्याने हात जोडले, "मॅडम, तिला साधी गाठ म्हणूनच सांगा. गावी तिच्या आईलाही कळवलं नाही, म्हातारी खचेल." मी 'बरं' म्हटलं. शिकले होते नेमकं उलटं!

रंजनाताईंचं काही खरं नाही हे कळल्यावर एका दुपारी मी त्यांच्याजवळ बसले. नवराही तिथेच होता. त्यांनी विचारलं, "ताई, खरं सांगा... आईला बोलावून घेऊ का?"

"अहो, बऱ्या झालात की तुम्हीच जा ना माहेरी," मी हसून म्हटलं. हसून! जीभ कशी झडली नाही माझी.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात बोचकं घेऊन एक म्हातारी उभी. रंजनाताईंची आई. मला पाहताच तिने माझा हात धरला. "काल दुपारले तूच उनी व्हती ना मन्हा दारवर? पोर वाचत नही, लवकर निंघ, म्हने. पानीबी नही पिधं, रडत रडत चालनी गयी."

मला वाटलं, नवऱ्यानेच कळवलं असणार. पण तोच पांढराफटक पडला होता. "मी कुणाला बोललो नाही, मॅडम. आणि तुम्ही तर काल दुपारी इथंच होतात... माझ्यासमोर!"



मायलेकींना तेवढा एक दिवस मिळाला. रंजनाताई आईच्या कुशीत रडल्या, 'आधी का नाही आलीस' म्हणून भांडल्या, आणि संध्याकाळी गेल्या.

निघताना आजीने माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "तू खरं सांगं, म्हनीसन भेट व्हयनी. देव तुन्हं भलं करो."

आजीच्या दारात कोण गेलं होतं? मला आजही उत्तर सापडलेलं नाही. कुणाला सुचलं तर जरूर सांगा. पण त्या वेळी 'आजी, मी नाही हो सांगितलं' एवढंसुद्धा माझ्या तोंडून फुटलं नाही. मी खाली वाकले, आणि तो आशीर्वाद घेतला.