सगळंच तातडीचं

सकाळी कचेरीत आले तर टेबलावरच्या प्रत्येक फायलीला साहेबांनी लाल चिठ्ठी लावलेली, ‘तातडीचे’. पंख्याच्या वाऱ्यावर सगळ्या चिठ्ठ्या एकदम फडफडत होत्या. माझं डोकंच उठलं.

“साहेब, यातलं आधी कुठलं करू?”

“अहो बाई, सगळंच आधी करा,” म्हणत ते मीटिंगला निघून गेले.

सगळंच आधी करायचं, तर मागे कोण राहतं? बहुधा जो घाई करत नाही, तो माणूस. समोरच्या बाकावर एक आजोबा कधीचे गप्प बसले होते.

“तुमचं काय काम आहे?”

“हिच्या ऑपरेशनसाठी उत्पन्नाचा दाखला हवाय. पण तुमचं आटपू दे, मी थांबतो.”

मी सगळा ढीग बाजूला सारला. “या आजोबा, इथे बसा. आजींचं नाव सांगा.”