उन्हात वाळत घातलेलं ड्रम मशीन

"मालक, याला आधी उन्हात ठेवा."

दुकानात पाऊल टाकल्यावर नमस्कार नाही, पाणी नाही, पहिलं वाक्य हे. मंडळी, जळगावातल्या वाद्यांच्या दुकानात मी कित्येक वर्षं काउंटरमागे उभा आहे. खोक्यातून नुकतंच निघालेलं कोरं ड्रम मशीन भर मे महिन्यात फुटपाथवर पापडासारखं वाळत घालायला लावणारं गिऱ्हाईक मला एकच भेटलं. मी नोकर, पण तो मला मालक म्हणे. ही बढती मी कधी नाकारली नाही.

तो धुळ्याचा, देवपूरचा. स्वतःच्या बँजो पार्टीत, वरातीच्या गाडीवर उभा राहून कीबोर्ड वाजवायचा. आसपासच्या कुठल्याही पार्टीला सिंथेसायझर किंवा ड्रम मशीन घ्यायचं असलं की त्याला सोबत आणत, मुलगी बघायला जाताना जाणत्या मामाला नेतात तसं.

अर्ध्या तासाने मशीन आत यायचं. मग मी ते दोन्ही हातांत धरून गदागदा हलवायचं आणि त्याने ताल बदलून बघायचे. "गाडी खड्ड्यात गेली की बोट कुठं जातं, ते कळलं पाहिजे." ताल शोधायला स्क्रीनवर चार पानं उलटावी लागली, तर मशीन बाद. बटणं हाताला आपोआप सापडली, तर पास. शेवटी ताल चालू ठेवून तो दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नवरदेवाच्या चालीने चालायचा. पाय अडखळला की मशीन परत खोक्यात. आमचे शेठ आतून हे बघत आणि गणपतीच्या फोटोकडे वळत.

एकदा मेहरूणचे दोन मित्र आले. घरीच इलेक्ट्रो संगीत करायचं होतं. हातात लांबलचक यादी.

"यात आवाज किती आहेत?" एकाने विचारलं.

"हजारेक," मी ऐटीत म्हणालो.

"तुम्हाला लागतात किती?" हा मधेच म्हणाला. दोघं यादी चाळू लागले. त्याने कोपऱ्यातला, एका वेळी एकच सूर वाजणारा छोटा सिंथेसायझर ओढला आणि एक खुंटी हळूहळू फिरवली. बास खाली उतरत गेला, शोकेसची काच थरथरली. "हा पोटात लागतो. महिनाभर याच्याशीच खेळा. आणि ड्रम मशीन घेताना झांजा-टाळ्या नंतर ऐका, आधी खालचा, ढोलासारखा ठोका ऐका. तो लांबवता येतो का, आखडता येतो का, तेवढं बघा."

पोरं खूश, शेठ खूश. असा हा पारखी.

आता त्याच्या स्वतःच्या पार्टीलाही ड्रम मशीन हवं होतं. वरातीत लोक इलेक्ट्रो ताल मागायला लागले होते. पण दोन हंगाम तो नुसता बघतच राहिला. एक मशीन तापलं, एक हललं, एकावर पाय अडखळला. गंमत म्हणजे त्यातलंच एक त्याने आठवड्याभरात जामनेरच्या पार्टीला छातीठोकपणे घ्यायला लावलं.

"भाऊ, हे तर तुमच्या परीक्षेत नापास झालं होतं!"

"जामनेरचं ऊन वेगळं असतं," तो म्हणाला आणि बासऱ्या बघू लागला.

मी मनातल्या मनात त्याच्या गाडीवरची माणसं आठवली. ढोलकीवर त्याचे थोरले भाऊ होते, नाना. मशीन गाडीवर चढलं की नाना उतरणार. पुढचं मशीन मग मीच जरा जास्त जोरात हलवलं.

तिसऱ्या हंगामाआधी नाना स्वतःच त्याच्यासोबत आले. दहाही बोटांना पांढरी चिकटपट्टी. स्टुलावर बसून त्यांनी एका मशीनकडे हात केला आणि अहिराणीत विचारलं,

"जामनेरवालासकडे हाईच शे ना? एका लगनमा आयकं मी. चांगलं वाजस."

"नाना, ते तापतं."

"तापू दे. मना हात दुखतस रे! दोन वरीस झायात, मी वाट देखी ऱ्हायनू, तू कव्हय मशीन लयशी म्हनीसन."

मशीनची दोन वर्षं वाट बघणाऱ्या नानांच्या बोटांकडे तो बघत राहिला. शेठसुद्धा बाहेर आले होते. ऊन नाही, खड्डा नाही, नवरदेव नाही.

"बांधा, मालक," तो म्हणाला.

त्यानंतर तो दुकानात आला नाही. पार्ट्या येतात, पण आता सोबत नाना असतात. ते डोळे मिटून ऐकतात, मान हलवतात, निवड संपते. त्यांच्या बोटांवरच्या पट्ट्या गेल्यात. परवा मी विचारलं, "भाऊ कुठं असतात हल्ली?"

"त्याले येळ नही. ढोलकी शिकी ऱ्हायना."

"तुमच्याकडून? आता मशीन आल्यावर?"

"हाव ना. रोज सकाळी येस, मनापुढे बसस."

"मग, कशी वाजवतात?"

नानांनी आधी रस्त्याकडे बघून घेतलं.

"बेकार," ते हळूच म्हणाले. "पन मी त्याले सांगेल नही."