क्षमेची वही

मेडशीच्या अलीकडे, डांबरी रस्त्यापासून थोडं आत, चारही बाजूंनी तुरीत बुडालेल्या एका टिनपत्र्याच्या इमारतीत मी सहा वर्षं गृहमाता होते. गृहमाता हा शब्द माझा नाही. त्याआधी मी मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिका होते आणि त्या शब्दात निदान कुलूप, किल्ली, हजेरी असं काहीतरी होतं. इथे एका सत्संग मंडळाचा ट्रस्ट होता. त्याच्या अध्यक्ष बाईंना सगळे माताजी म्हणत. घरातल्याच माणसांनी ज्यांच्यावर अत्याचार केले अशा चौदा मुली बाल कल्याण समितीच्या आदेशाने तिथे राहत होत्या.

मुलींना काय लागतं हे मला पहिल्या महिन्यातच कळलं. आतून लागणारी कडी, स्वतःची बादली, ठरल्या वेळेला जेवण, आणि मागून येऊन कोणी खांद्यावर हात ठेवायचा नाही. एवढं सांभाळलं की त्या आपापल्या वेगाने सुधारतात. कोणी चार महिन्यांत खळखळून हसते, कोणाला दोन वर्षं लागतात. माताजींना हा वेग मान्य नव्हता. त्यांचं म्हणणं, जखम देव भरतो, आपण फक्त आड यायचं नाही. आणि देव काम नीट करतोय की नाही हे तपासायला त्यांनी एक वही ठेवली होती.

लाल कापडी बांधणीची जाड वही. दर गुरुवारी आरती झाली की ती मुलींमध्ये फिरायची. प्रत्येकीने आपल्या पानावर लिहायचं, ‘मी अमुकला मनापासून क्षमा केली.’ अमुकच्या जागी त्या माणसाचं नाव, खाली सही. लिहिलं की माताजी तिच्या कपाळाला अष्टगंध लावायच्या आणि भिंतीवरच्या तक्त्यावर तिच्या नावापुढे कागदी कमळ चिकटवायच्या. दहा कमळं झाली की मुलगी मुक्त. मुक्त झालेल्या मुलीला आरतीचं ताट धरायला मिळायचं. बालवाडीत पाढे म्हटल्यावर चांदण्या देतात, त्याच धर्तीवर.

मुलींनी यातून आपापली वाट काढली होती. एक जण ती ओळ इतक्या सवयीने लिहायची की लिहिताना शेजारणीशी गप्पा चालू असायच्या. दुसरीने एकदा मला हळूच विचारलं, “काकू, याच्या जागी आमच्या गणिताच्या सरले माफ केलं तं चालन का?”

“चालेल,” मी म्हटलं. “त्यांनाही गरज असेल.”

केनवडकडची एक मुलगी मात्र लिहीत नव्हती. तेरा वर्षांची, काटकुळी, भाकरी मोडली तरी दोन्ही तुकडे सारखे झालेत का ते बघणारी. तिच्या आत्याच्या नवऱ्यावर केस होती आणि कोर्टात तिची साक्ष व्हायची होती. बाप वारलेला. आई शेतमजूर, आणि आईला वर्षभर काम मिळायचं ते त्याच आत्याच्या शेतात. म्हणजे त्या मुलीजवळ होती ती फक्त तिची साक्ष. तिच्या बाजूने दुसरं कोणी उभं राहणार नव्हतं.

तिच्या घरी बुद्धवंदना व्हायची. माझ्याही. माताजी म्हणायच्या, देव सगळे एकच, म्हणून सगळ्यांनी त्यांचीच आरती करायची. ही मुलगी आरतीला उभी राहायची, टाळ्याही वाजवायची आणि झोपायच्या आधी पांघरुणात तोंड घालून त्रिशरण म्हणायची. त्यात कोणाला माफ करायची अट नव्हती.

सात गुरुवार तिचं पान कोरं राहिलं. सातव्या गुरुवारी माताजींनी तिला समोर बसवलं.

“बाळ, मनात विष ठेवलं की ते आपल्यालाच जाळतं.”

“मी नाई ठेवलं. त्यानं ठेवलं.”

“मग काढून टाक ना. एक ओळ तर लिहायची आहे.”

“त्यानं माफी मांगतली का?”

“त्याने मागो न मागो, आपण द्यायची असते.”

“मी मांगतलं होतं त्याले, सोड म्हनून. देलं का त्यानं?”

माताजींनी डोळे मिटले, मोठा श्वास घेतला आणि म्हणाल्या, “हाच तो अहंकार.” तेरा वर्षांच्या पोरीत त्यांना अहंकार दिसला. स्वतःच्या खुर्चीला मखमल लावून घेताना त्यांना तो कधी दिसला नव्हता.

त्या दिवसापासून मुलीला आरतीच्या वेळी दाराजवळ, चपलांपाशी बसवायचं ठरलं. पान भरेपर्यंत बाकीच्यांनी तिच्याशी बोलायचं नाही. याला माताजी मौनाचा संस्कार म्हणत. आठवडाभरात ती जेवायची कमी झाली. लहान मुली तिच्याशी चोरून बोलायच्या आणि पकडल्या की रडायच्या.

आता माझा भाग. त्या आठवड्यात दोन मुलींना ताप होता, एकीच्या शाळेच्या दाखल्यासाठी मी रोज मालेगावला खेटे घालत होते, आणि मला ही कटकट संपवायची होती. आठव्या गुरुवारी मी तिला स्वयंपाकघरात बोलावलं.

“लिहून टाक ना एकदाची. चार शब्द आहेत. कागदावर लिहिल्यानं काय होतं?”

“तुमी सांगून राह्यल्या म्हनून लिहू?”

“हो. मी सांगते म्हणून.”

तिने लिहिलं. तिचं अक्षर सुरेख होतं, शिरोरेघा पट्टीने ओढल्यासारख्या. त्या संध्याकाळी ती सगळ्यांबरोबर जेवली आणि मी स्वतःवर खूष झाले. मी स्वतःला व्यवहारी बाई समजते. माताजींनी देवाचं नाव घेऊन जे सात आठवड्यांत जमवलं नाही, ते मी देवाचं नाव न घेता पाच मिनिटांत करून दाखवलं, एवढाच माझा व्यवहार.

माताजींचा आनंद वहीत मावला नाही. त्यांनी त्या पानाचा फोटो काढला आणि सत्संगाच्या ग्रुपवर टाकला. वर फुलांची रांग आणि खाली मजकूर: ‘आज आमच्या लेकराने सर्वांत मोठी क्षमा केली.’ पानावर त्या माणसाचं नाव होतं. मुलीची सही होती. त्यांच्या डोक्यात एवढंच शिरलं की अक्षर फार छान आहे.

तीन दिवसांनी, रविवारी सकाळी फाटकाशी आत्या उभी. हातात पेढ्यांचा डबा, मागे मुलीची आई.

“पोरीनं माफ केलं म्हने,” आत्या म्हणाली. “लय चांगलं झालं बाई. आता कोर्टात बी तसंच सांगजो म्हना तिले.” आणि तिने फोन पुढे करून सत्संगाच्या ग्रुपवर आलेलं ते पान मला दाखवलं. वकिलाकडेही गेलंय म्हणाली. जणू लग्नाची पत्रिका पोचवून आली होती.

“पेढे परत न्या,” मी म्हटलं. “इथे मुंग्या फार होतात. आणि पुन्हा या फाटकाशी आलात तर मी पोलिसांना फोन करीन.”

आत्या तावातावाने वळली. आई जागची हलली नाही. खाली बघत तिने विचारलं, “जेवते का ते?”

“जेवते.”

“बरं,” म्हणाली आणि आत्याच्या मागे गेली.

मी तडक माताजींकडे गेले. मुलीचं नाव बाहेर गेलंय, हा कायद्याने गुन्हा आहे, हे सांगितलं.

“अहो, भक्तांचाच ग्रुप आहे. बाहेरचं कोणी नाही त्यात.”

“आरोपीची बायको आहे त्यात.”

त्यांनी थोडा विचार केला. “मग ही देवाचीच योजना असेल.”

यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी समितीला लेखी कळवलं, वहीबद्दल आणि स्वतःबद्दलही. समितीने वही नेली, तक्ता उतरवला, फोटो ग्रुपवरून काढायला लावला. पण फोटो ज्या फोनांत पोचला होता, ते काही समितीच्या कपाटात येत नव्हते. सरकारी वकील म्हणाले, हे पान कोर्टात निघणारच. मुलीला एक शब्द पढवू नका, नाहीतर होतं तेही जाईल.

म्हणून मी तिला एवढंच सांगितलं, की त्या पानाबद्दल विचारतील.

“काय सांगू मंग?”

“खरं असेल ते.”

“तुमचं नाव सांगू?”

“सांग.”

वाशिमला तिची साक्ष बंद दाराआड झाली. मध्ये पडदा होता, पलीकडे तो माणूस. मला सोबत बसायची परवानगी होती, बोलायची नव्हती. आरोपीचा वकील प्रश्न न्यायाधीश बाईंना द्यायचा आणि त्या मुलीला विचारायच्या. बराच वेळ सगळं नीट चाललं. मग ते पान आलं.

“हे अक्षर तुझं आहे?”

“हो.”

“तू इथे लिहिलं आहेस की तू याला माफ केलंस. मग तसं काही घडलंच नव्हतं, असं समजायचं का?”

मुलीने पाणी मागितलं. पूर्ण ग्लास प्यायली. पाच मिनिटांची हुशारी आता तिच्या गळ्याशी आली होती आणि मी तोंडाला कुलूप लावून बाकावर बसले होते.

“आमच्या काकूनं लिहायले सांगतलं, म्हनून लिहलं,” ती म्हणाली आणि माझ्याकडे बोट केलं. मग परत न्यायाधीश बाईंकडे वळली. “आन् काही झालंच नसतं, तं मी माफ कायचं केलं असतं?”

न्यायाधीश बाईंनी तिला तेच वाक्य पुन्हा म्हणायला सांगितलं आणि शब्दन् शब्द लिहून घेतलं. वकिलाने पुढचा प्रश्न दिला नाही.

निकाल आठ महिन्यांनी लागला. शिक्षा झाली. त्या आठवड्यात माताजींनी प्रवचनात सांगितलं की क्षमेच्या वहीनेच लेकराला न्याय मिळवून दिला. बायकांनी पदराने डोळे पुसले. पुढच्या गुरुवारी त्यांनी नवी वही काढली, कृतज्ञतेची, आणि पहिलं पान माझ्याकडून भरून घ्यायला आल्या. मी त्यांच्या हातात राजीनामा ठेवला. तो त्यांनी वहीतच ठेवला म्हणे.

पण मला त्या साक्षीच्या दिवसाची परतीची बस जास्त आठवते. ट्रस्टची जीप माताजींच्या प्रवचनाला रिठदला गेली होती, म्हणून आम्ही एसटीने निघालो. तिने खिडकी घेतली. स्टँडवर मी एक पेरू घेतला होता, मधोमध चीर देऊन मीठ लावलेला. तो तिच्या मांडीवर कागदात तसाच होता. मालेगाव मागे पडलं.

“काकू.”

“हं.”

“तुमाले बी मी माफ नाई केलं.”

“बरं.”

“राग आला?”

“नाही. नको करू.”

तिने पेरू मोडला. दोन्ही तुकडे हातात धरून नेहमीसारखे निरखून पाहिले. सारखे झाले नव्हते. मोठा तिने स्वतःला ठेवला आणि लहान मला दिला.