आधी चूळ भर

बाबगोंडा आण्णांच्या गुऱ्हाळावर कोणीही आला, की त्याच्या हातात पहिल्यांदा पाण्याचा तांब्या यायचा. प्यायला नव्हे. आण्णा म्हणायचे, "आधी चूळ भर, मग बोल." गूळ घ्यायला आलेला अडत्या असो, लग्नाचं आमंत्रण घेऊन आलेला पावणा असो, नाही तर तलाठी असो. तोंडात तंबाखूची किंवा चहाची चव रेंगाळत असली तर गूळ कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. चूळ भरून झाली की ढेपेचा एक खडा फोडून हातावर ठेवायचे आणि समोरच्याच्या तोंडाकडं टक लावून उभे राहायचे. माणूस चघळून गिळेपर्यंत एक शब्द नाही. एकदा एका फौजदारानं तोंडातलं पान थुंकायला नकार दिला. आण्णांनी खडा परत डब्यात टाकला आणि म्हणाले, "सायेब, पान संपू द्या निवांत. गूळ कुठं पळून जात न्हाय."

मी त्यांच्याकडं कामाला लागलो ते नव्वद सालाच्या आसपास. मी जळव्या. जळव्या म्हणजे चुलवाणात, गुऱ्हाळाच्या त्या मोठ्या चुलीत, उसाची चिपाडं सारून रसाच्या काईलीखाली जाळ ठेवणारा. ऐकायला सोपं वाटतं. ज्याला सोपं वाटतं त्यानं एकदा येऊन चुलवाणाच्या तोंडाशी बसावं. जाळ कमी पडला तर गूळ बसत नाही, वाढला तर करपतो. चौथीत शाळा सुटली तरी हे काम माझ्यासारखं तालुक्यात कोणाला येत नव्हतं, हे मी आजही छाती ठोकून सांगतो.

पहिल्या दिवशी मी काम मागायला गेलो तेव्हा आण्णांनी मलाही तोच तांब्या दिला. मी बौद्धवाड्यातला. शेजारी बसलेला एक जण कुजबुजला, "आण्णा, त्याला येगळा हाय की डबा." आण्णांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाले, "चूळ भर रं." मी भरली. मग त्या माणसाकडं वळून म्हणाले, "आता तू भर. ह्याच तांब्यातनं. न्हायतर गूळ न मागता घरला जा." त्याला गूळ हवा होता. त्यानं भरली. त्या दिवसापासून मी आण्णांचा झालो. पगाराचं मागून विचारलं.

आण्णा जैन शेतकरी. दिवस मावळायच्या आत जेवायचे. रस काईलीत ओतण्याआधी दुहेरी धोतरातनं गाळायचे आणि धोतरावर अडकलेल्या मुंग्या फुंकरीनं बाहेर काढायचे. रसावरची मळी काढायला भेंडीचा रस घालायचे, बाकी काही नाही. त्यांचं रान काळं, भारी. त्या उसाचा गूळ तांबूस काळाच व्हायचा. चवीला असा, की भाकरीबरोबर दुसरं कालवण नको. आण्णांना आयुष्यात एकच गोष्ट पाहिजे होती. खाणाऱ्यानं खडा तोंडात टाकावा आणि न विचारता म्हणावं, हा बाबगोंडाचा गूळ. पैसा काय, सगळ्यांनाच पाहिजे असतो. त्यांना हे पैशाच्या आधी पाहिजे होतं.

पण गिऱ्हाईक गूळ डोळ्यानं घ्यायला लागलं होतं. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात सौद्याला पिवळ्याधमक ढेपा हातोहात जायच्या, आणि आण्णांच्या ढेपा कोपऱ्यात बसून राहायच्या. पिवळा रंग यावा म्हणून गुऱ्हाळागुऱ्हाळावर रसात पांढरी पावडर पडत होती. सगळ्यांना ठाऊक होतं. कोण काही बोलत नव्हतं, कारण पिवळा गूळ परगावचा व्यापारी मागत होता आणि व्यापाऱ्याकडं परगावची गिऱ्हाइकं मागत होती. आमचा अडत्या आण्णांना समजावून थकला.

"आण्णा, चिमूटभर टाका की. तुमच्या काकवीला काय कळतंय?"

"तिला न्हाय कळत. मला कळतंय की."

"मग असाच बसणार माल."

"बसू दे. मी बी बसतो त्येच्या शेजारी."

आणि खरंच बसायचे. सौद्याच्या गर्दीत ढेपेशेजारी मांडी घालून, पुढ्यात तांब्या. लोक हसायचे. "ओ आण्णा, हितं काय सत्यनारायण घातलाय काय?" आण्णाही हसायचे. पण शेवटी माल निम्म्या भावात द्यायचे, आणि घरी येताना ट्रॅक्टरवर मागं तोंड करून बसायचे. त्या वर्षांत आजूबाजूच्या पिवळ्या गुळाच्या गुऱ्हाळांवर पत्रे चढले, दारात मोटारसायकली आल्या. आमच्या गुऱ्हाळावर पालाच राहिला.

मग दोन हजार साल उलटल्यावर वारं फिरलं. पुण्यामुंबईच्या गाड्या गावात यायला लागल्या. गाडीतनं उतरलेली माणसं विचारायची, "काळा गूळ कुठं मिळतो? केमिकल नसलेला?" लोकांनी आण्णांचं गुऱ्हाळ दाखवलं. आण्णांना पहिल्यांदा खरंच वाटेना. ते मला म्हणाले, "नामा, ही माणसं चेष्टा तर करत न्हाईत न्हवं?" पण माणसं खरीच गूळ घ्यायला आली होती. तांब्यातनं चूळ भरायची, खडा खायची आणि डोळे मिटायची. त्यातल्या पुण्याच्या एक बाई तर दर हंगामाला यायच्या. आण्णांना "आजोबा" म्हणायच्या. आपल्या ओळखीपाळखीच्या सगळ्यांना त्यांनी आण्णांचाच गूळ लावला. त्या दोन-तीन वर्षांत आण्णा जरा ताठ चालायला लागले होते. एकदा मला म्हणाले, "बघितलंस नामा? उशीर लागतो, पर माणसाला कळतंय."

तेवढंच सुख.

काळ्या गुळाला भाव आला म्हटल्यावर कालचे पिवळे आज काळे झाले. साखर आणून काईलीत ओतायची, करपेपर्यंत उकळायची, की झाला काळा गूळ. रस्त्याकडंला पाट्या लागल्या. गिऱ्हाइकानं आता एवढंच शिकून घेतलं होतं, की काळा तो खरा आणि पिवळा तो खोटा.

आणि नेमकं त्या साली आण्णांनी ऊस माळाच्या तांबड्या रानात केला होता. काळ्या रानाला विसावा द्यायचा होता. तांबडं, निचऱ्याचं रान. त्या उसाची पहिली काईल उतरवून गूळ निवायला वाफ्यात ओतला, तर सोन्यासारखा पिवळा. पावडरीचा कण नाही. मी स्वतः जाळाला होतो. आण्णांनी खडा तोंडात टाकला आणि लहान पोरासारखे हसले. "असा गूळ माझ्या बापाला बी जमला न्हवता रं." मीही खाल्ला. तसा गूळ मी पुन्हा खाल्ला नाही.

आठवड्याभरात पुण्याच्या बाई आल्या. आण्णांनी तांब्या भरूनच ठेवला होता. बाईंनी ढेपा बघितल्या आणि दारातच थांबल्या.

"आजोबा, तुम्हीपण?"

आण्णांना कळलं नाही. "काय वो बाई?"

"तुम्हीपण पावडर टाकायला लागलात?"

"अवो, हे माळाचं रान हाय. रानानं रंग बदलतोय. चूळ भरा, खडा खाऊन बघा की."

"नको आजोबा. घरात लहान मुलं आहेत. तुमच्यावर फार विश्वास होता हो."

बाई वाईट नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, मी बघितलं. पण त्यांनी तांब्याला हात लावला नाही. गाडी वळली ती पलीकडच्या गुऱ्हाळावर गेली. तिथं साखर करपत होती.

मग बाकीच्या गाड्याही आल्या आणि तशाच गेल्या. आण्णा प्रत्येकाला रान दाखवायला न्यायचे. पायातली तांबडी माती दाखवायचे. माती बघून कोणी गूळ घेतो काय? यार्डात नेला तर तिथं म्हणाले, आता पिवळ्याला कोण विचारतंय आण्णा, काळा आणा. ढेपा घरातल्या सोप्यात रचल्या. ढगाळ हवा आली आणि त्या पाझरायला लागल्या. आण्णांना मूलबाळ नव्हतं. पुतण्या अजित गुऱ्हाळ बघायचा. तो म्हणाला, "आण्णा, आपण खोटं कायबी टाकायचं न्हाय. नुसता जाळ जरा जास्त लावू. रंग येतोय."

आण्णांनी त्याच्याकडं पाठ केली आणि पाझरणाऱ्या ढेपा फडक्यानं पुसायला लागले.

शेवटचा ऊस तुटून आला. काईल चढली. रस फसफसून वर आला, मग दाटला, सोनेरी झाला. मी वासावरनं ओळखलं की आता उतरायची वेळ आली, आणि चिपाडं सारायचं थांबलो.

आण्णा म्हणाले, "नामा, जाळ घाल."

मी म्हटलं, "आण्णा, झालाय."

"घाल म्हणतोय न्हवं."

"म्या न्हाय घालणार. करपंल. दुसरा जळव्या बघा."

मी उठून उभा राहिलो. मी हट्टी माणूस आहे. माझ्या हातानं गूळ करपला असं तालुक्यात कोणी म्हटलेलं नाही आणि कोणी म्हणायला नको होतं. आण्णांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. मग धोतर खोचून ते स्वतः चुलवाणाच्या तोंडाशी बसले आणि एकेक चिपाड आत सारायला लागले. काईलीतला गूळ तांबूस झाला, मग विटकरी, मग काळा. करपल्याचा वास साऱ्या रानात पसरला. अजित काईल उतरवायला धावला तेव्हा आण्णा म्हणाले, "थांब. अजून जरा. त्यास्नी खरा वाटला पायजे."

तो गूळ चार दिवसांत संपला. कोणी तरी कळवलं म्हणून बाईही आल्या. काळी ढेप बघून त्यांचा चेहरा फुलला. म्हणाल्या, "हा बघा, हा खरा तुमचा गूळ!" पैसे दिले, वाकून आण्णांच्या पाया पडल्या. आण्णांनी त्यांना ढेप उचलून दिली. तांब्या भरलेला होता, शेजारीच होता. त्यांनी तो पुढं केला नाही. आणि बाईंनाही आठवण झाली नाही.

त्यानंतर आण्णांनी चुलवाण पेटवलं नाही. हंगामात दुसऱ्यांच्या गुऱ्हाळांचा धूर दिसायचा आणि ते घरात पाठ करून बसायचे. मी जायचो, शेजारी बसायचो. एकदा मी म्हटलं, "आण्णा, तुम्ही खोटं काय केलं? पदरचाच ऊस, पदरचाच रस." ते म्हणाले, "खरं खऱ्यासारखं दिसावं म्हणून म्या जाळलं नामा. ज्यानं पावडर टाकली त्येनं निदान खाणाऱ्याला फसवलं. म्या गुळाला फसवलं." आण्णा फार जगले नाहीत पुढं. आजार असा काही नव्हता. जेवण कमी कमी होत गेलं, एवढंच.

परवा माझी सून कोल्हापुरातनं गुळाचा एक खोका घेऊन आली. चकचकीत खोका, आत काळा गूळ, वर आण्णांचा फोटो. फेटा, मिशा, तेच बघणं. अजितचा आता गुळाचा मोठा कारखाना झालाय, हे मला ठाऊक होतं. फोटोचं नव्हतं.

"मामंजी, दुकानात चार-पाच प्रकारचे होते," सून म्हणाली. "पण ह्या फोटोतल्या आजोबांकडं बघून विश्वास वाटला, म्हणून हाच घेतला. खाऊन बघा तरी."

मी तिच्याकडनं पाणी मागून घेतलं. अंगणात जाऊन चूळ भरली. मग खडा तोंडात ठेवला आणि टक लावून त्या फोटोकडं बघत राहिलो.

साखर होती.

सून विचारत होती, "कसा आहे?" मी पुन्हा अंगणात गेलो. इतक्या वर्षांत गूळ खाण्याआधी मी कायम चूळ भरली. खाल्ल्यावर भरली ती त्या दिवशी पहिल्यांदा.